गाडीखालून येणारा आवाज

"बंद करू नको. चालू राहू दे."

गिऱ्हाइकाचा हात किल्लीकडे गेला की ते पहिलं हे म्हणायचे. मग बॉनेट उघडायचं सोडून गाडीच्या दाराला पाठ टेकायचे आणि रस्त्याकडे बघत उभे राहायचे. नवख्याला वाटावं, हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. गाडी पाठीशी खडखडत असायची, त्यांचे गाल थरथरायचे, खिशातला चष्मा उड्या मारायचा. जरा वेळाने ते पुढे येत आणि सांगत, "गिअरबॉक्सकडचा पाय गेलाय."

"कानाने नाही कळत?" मी एकदा विचारलं.

"कान फसवतो, मास्तर. पाठ नाय फसवत."

मी मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिलाईतला. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. रत्नागिरीत वर सड्याच्या कातळपठारावर, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचे गाळे एकमेकांना लागून होते. मध्ये फक्त एक पत्रा. त्यांनी तिकडे हातोडी मारली की इकडे माझ्या मशिनवरची रिळं नाचायची.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. तसंही ते कुणी घेत नसे. सगळे त्यांना डायवर म्हणत. मच्छीमार बोटीवर इंजिन सांभाळतो त्याला डायवर म्हणतात, आणि तरुणपणी ते हर्णेच्या एका बोटीवर होते. गंमत अशी की डायवरना गाडी चालवता येत नव्हती. दुरुस्तीनंतर गाडी फिरवून बघायची असली की पत्र्यावर टकटक व्हायची, आणि मी कात्री ठेवून उठायचो. ते शेजारी बसायचे, एका हाताने वरची मूठ धरून, डोळे मिटून. मी जरा वेग घेतला की म्हणायचे, "सावकाश. मला पोचायचं नाय कुठं."

त्यांचं काम एकच, फाउंडेशन. गाडीचं इंजिन नुसतं लोखंडावर लोखंड ठेवून बसवलेलं नसतं. त्याच्याखाली जाड रबराचे पाय असतात. इंजिनाची थरथर ते पाय पोटात घेतात, म्हणून आत बसलेल्याचे दात वाजत नाहीत. डिझेलचं इंजिन मुळातच दांडगं. गाडी जुनी झाली की रबर दबतं, चिरतं, एक दिवस फाटतं. मग गिअर टाकला की धप्प, क्लच सोडला की धप्प. लोक हा आवाज वर्षानुवर्षं सहन करतात. घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी त्याचीही सवय होते.

डायवर एक पाय कधीच बदलत नसत. "एक नवा घातला नि बाकीचे मेलेलेच ठेवले, तर सगळा भार त्या नव्यावर. तो किती दिवस तग धरील?" आणि नवे बसवण्याआधी वरून ऑइल कुठून गळतंय ते शोधत. ऑइल लागलं की रबर मऊ पडतं. गळती बंद झाल्यावरही ते तेलाच्या डब्याचा पत्रा कापत, वाकवत आणि रबरावर इवलंसं छप्पर करून बसवत. कुणी हौसेने इंजिन डिझेलने धुऊन चकचकीत करून आणलं, की त्याची खैर नसे. एकाला म्हणाले, "पाजलंस त्याला? डिझेल पिऊन रबर फुगतं, मग झिंगतं, मग मरतं. तुझ्या चुलत्यासारखं." त्या माणसाच्या चुलत्याबद्दल आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तोही हसला.

आरे-वारेच्या रस्त्याला प्रवासी नेणारा एक जीपवाला होता. त्याची जीप एकदा भरलेली असतानाच आमच्या दारात थांबली. फक्त पंखा कशाला तरी घासतोय, तेवढं बघा, म्हणाला. डायवर खाली सरकले आणि खालूनच ओरडले, "पुढचा पाय फाटलाय. इंजिन पुढे झुकलंय. गाडी हलवायची नाय."

"डायवर, माणसं बसल्येत. सोडून येतो, मग बघू."

जॅकचा आवाज नाही, पान्याचा नाही. 

"बाहेर या हो!"

"मी हितंच हाय," खालून उत्तर आलं. "ने गाडी. मला चिरडून ने."

जीपवाला चिडला, विनवण्या करून झाल्या, आमच्याकडे बघून झालं. आतली एक म्हातारी पाटी सांभाळत उतरली आणि वाकून खाली बघत म्हणाली, "बाबा, भूक लागली तर सांग, भाकरी हाय." सगळे हसले. माणसं दुसऱ्या गाडीने गेली. संध्याकाळी मोडका पाय काढून डायवरनी जीपवाल्याच्या हातात दिला. त्याचे दोन तुकडे हातातच सुटे झाले. आरे-वारेच्या समुद्रालगतच्या उतारावर इंजिन हललं असतं, ब्रेकची नळी निसटली असती, तर काय झालं असतं, ते कुणी बोललं नाही. जीपवाला नुसता तुकडे एकमेकांना लावून बघत राहिला.

मी मात्र त्या दिवशी दुसरंच बघितलं होतं. डायवर जीपखालून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हा हट्ट नव्हता. हा माणूस भ्यालेला होता.

रत्नागिरीत समुद्र दिसणार नाही अशी जागा शोधणं सोपं नाही. डायवरनी ती शोधली होती. गाळा घेताना ते आधी मागे गेले, मग पुढे आले, मग छपरावर चढून चारी बाजूंनी बघितलं, असं मालक सांगायचा. त्याला वाटलं, पाऊस कुठून गळेल ते बघतायत. मिरकरवाड्याच्या बंदरावरून त्यांना बोलावणी यायची. बोटीचं इंजिन जमिनीवर काढून ठेवू, नुसतं येऊन बघा, असं लोक सांगायचे. ते मान हलवायचे. मासे खायचे, पण विकत आणायला मला पाठवायचे.

आणि तो आवाज. तो मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा शेजारी नुकताच आलो होतो. पत्र्यापलीकडे एक गाडी उचललेली होती आणि खालून डायवर बोलत होते, "पकड रे... जरा वर घे... हां, तसंच." मग धातूवर धातू सरकल्याचा आवाज. मग एकदम मऊपणाने, "झालं. सोड. सोड आता."

मला वाटलं, यांनी मदतीला माणूस ठेवला. चहा आला तेव्हा मी एक पेला जास्त सांगितला आणि घेऊन गेलो. डायवर एकटेच गाडीखालून निघाले. त्यांनी तिसऱ्या पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो पेला उचलून गाडीच्या चाकापाशी ठेवला. चहा तिथेच गार झाला. मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

नंतर त्याची सवय झाली. इंजिन जॅकवर तोलून धरायचं, पहारीने जरासं ढकलायचं आणि भोकाला भोक जुळलं की बोल्ट घालायचा. या कामाला खरं म्हणजे दोन माणसं लागतात. डायवर ते एकटे करायचे. निदान आम्हाला तरी एकच माणूस दिसायचा. "पकड रे" आणि "सोड आता" यांच्या मधल्या क्षणात माझा हात मशिनच्या चाकावर आपोआप थांबायचा. एकदा त्या क्षणी मी वाकून पत्र्याखालच्या फटीतून बघितलं. डायवरचे दोन्ही हात बोल्टवर होते. पहार मात्र कुणीतरी धरून ठेवावी तशी स्थिर होती. ती कशात तरी अडकवलेली असणार. असणारच. तरी मी पुन्हा त्या फटीतून बघितलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि माझी मशिन बंद पडली. डायवर माझ्या दारातल्या अर्धवट शिवलेल्या सीटवर येऊन बसले. मी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून बोलायला लागले, तेही मशिनकडे बघत.

"भाव होता माझा. धाकटा. बोटीवर दोघंच आमच्या घरातले. परत येताना अंजनवेलच्या समोर वारा सुटला. बोट आपटायला लागली. इंजिन लाकडी पाटावर बसवलेलं असतं, त्याचा एक बोल्ट ढिला होता. मला ठाऊक होता, मास्तर. निघताना हाताला लागला होता. बोललो, आल्यावर बघू."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"तो बोल्ट तुटला. इंजिन जागेवरून फिरायला लागलं. ते पुरतं फिरलं असतं तर तळ फोडून पाणी आलं असतं नि सगळीच गेली असती. मी खाली उतरलो नवा बोल्ट घालायला. त्याने फळी लावली इंजिनाला, नि छातीने रेटून धरली. मी बोललो, पकड रे, सोडू नको. लाट आली, इंजिनाने लाथ मारली. फळी छातीत बसली त्याच्या. मला आवाज आला. पण त्याने सोडली नाय. मी बोल्ट आवळला, तवर नाय सोडली."

"मग?"

"मग मी बोललो, झालं, सोड. तो सोडीना. बोटं उघडावी लागली मला."

दाभोळच्या खाडीत शिरेपर्यंत तो बसलेला होता, पाणी प्यायला, बोललाही. धक्का दिसला तेव्हा गेला. बोट शाबूत आली, बाकीची माणसं शाबूत आली. डायवर भावाच्या तेराव्यानंतर हर्णे सोडून निघाले ते निघालेच. भावाची बायको त्यांच्याशी बोलली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाले. ती नुसती आत निघून गेली.

वीज आली. ते उठले आणि पत्र्यापलीकडे गेले. त्या दिवशी मी पुन्हा मशिन चालवली नाही.

ती आली दिवाळीनंतर.

पांढरी, जुनी डिझेल व्हॅन दारात उभी राहिली आणि सुक्या मासळीचा वास माझ्या गाळ्यात शिरला. कापूस, रेक्झिन, सगळ्यात. व्हॅन चालवत होती एक पन्नाशीची बाई. पदर खोचलेला, हाताला स्टिअरिंगचे घट्टे. तिचा हात किल्लीकडे गेला. डायवर नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडून तसेच उभे राहिले.

"गाडी धडधडते, भावोजी," ती म्हणाली. "दापोलीत रबरं बदलली. पुन्यांदा बदलली. पुन्यांदा फाटली."

भावोजी म्हटल्यावर ती कोण ते मला कळलं. डायवरनी मान खाली घातली, गाडीला पाठ टेकली, पण या वेळी रस्त्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. "रबर बसतं ते ब्रॅकेट वाकलंय," बऱ्याच वेळाने म्हणाले. "रबराचा दोष नाय. वाकड्या लोखंडावर कितीही नवं रबर घाला."

ती माझ्याकडे येऊन सीटवर बसली. मी पाणी दिलं. हर्णेहून सुकं घेते, आतल्या गावांच्या बाजारांना नेते, व्हॅन स्वतः चालवते, असं तिने सांगितलं. इतक्या लांब गाडी आणलीत, म्हणालो. "गाडीचं निमित्त," ती म्हणाली. "इतकी वर्षं निमित्त मिळत नव्हतं."

पलीकडे ब्रॅकेट काढलं गेलं, तापवलं, ठोकून सरळ केलं. आम्ही ऐकत होतो. मग डायवर खाली सरकल्याचा आवाज आला. मला पुढचं माहीत होतं. तिला उठवून कुठेतरी न्यावं, चहाला, कुठेही, असं मनात आलं. पण उशीर झाला.

"पकड रे," खालून आवाज आला. "जरा वर घे..."

तिच्या हातातला पेला थांबला. तिने मला विचारलं नाही, कुणाशी बोलतायत म्हणून. ती उठली, पलीकडे गेली, व्हॅनच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि हात आत घातला.

"मी धरत्ये," ती म्हणाली.

मी दारात उभा होतो. तिच्या मनगटावरच्या बांगड्या पहारीला लागून किणकिणत होत्या, मग किणकिणायच्या थांबल्या. तिने पहार घट्ट धरली होती. बोल्ट आत सरकल्याचा आवाज आला. पान्याचे फेरे, एक, मग एक. मग नेहमी जिथे "सोड" यायचं तिथे काही आलं नाही. ती तशीच धरून बसली. शेवटी तिनेच विचारलं, "सोडू काय, भावोजी?"

"व्हय," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता.

डायवर हात धूत असताना ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मी आत जायला हवं होतं, पण पाय निघाले नाहीत. "मरताना तो काय बोलला?" तिने विचारलं. "गावात सांगतात, पोरांना सांभाळ बोलला. माझं नाव घेतलं बोलतात. तुम्ही होतात. खोटं नको मला."

डायवर हातावरचं पाणी निथळू देत उभे होते.

"इचारलं त्यानं, बसला काय बोल्ट? मी बोललो, बसला. मग बोलला, भूक लागलीय. आज घरी काय रांधलं असेल?"

"आणि?"

"बस. यवढंच."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "काय पण नव्हतं रांधलेलं. भांडून माहेरी गेलेली मी. चूल थंड होती."

आणि ती हसली. पोट धरून, वाकून हसली. डायवरही हसले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग ते हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही. मी आत जाऊन मशिन सुरू केली, सुई दोऱ्याशिवायच चालवत राहिलो, नुसता आवाज व्हावा म्हणून.

जाताना तिने व्हॅन सुरू केली तेव्हा खडखड नव्हती. "घर तुमचंपण हाय," ती म्हणाली. वळण घेऊन गेली.

त्यानंतर गाडीखालून आवाज येईनासा झाला.

आम्हाला वाटलं, सुटले. मी तर मनात त्या बाईला हात जोडले. पण डायवरचं काम मंदावलं. बोल्ट जुळेना. पहार निसटू लागली. पत्र्यावर टकटक करून ते मला बोलवायचे, मी पहार धरायचो. "तुमचा हात मऊ, मास्तर," ते म्हणायचे, "कापसाचा." रागावून नाही, उगाच आपलं. एकदा एक गाडी जॅकवर चढवून ते बाजूला बसून राहिले होते. खाली गेलेच नाहीत. मी जवळ जाऊन बसलो.

"तो गेला," ते म्हणाले.

कोण, असं मी विचारलं नाही.

"मी इतकी वर्षं सांगत होतो, सोड, सोड आता. ऐकायचा नाय. तिने धरलं, नि त्याने सोडलं."

"चांगलंच झालं ना, डायवर."

"चांगलंच झालं," ते म्हणाले. मग त्या उचललेल्या गाडीच्या खालच्या काळोखाकडे बघत हळू म्हणाले, "पण आता खाली एकट्याला भय वाटतं."

ती गाडी त्यांनी दुसऱ्याकडे पाठवली. थोड्याच दिवसांत गाळा रिकामा केला. हर्णेला जातो, म्हणाले. भावजयीची व्हॅन आहे, सांभाळायला कुणीतरी हवं. निरोपाला मी त्यांच्यासाठी एक उशी शिवली होती, उरलेल्या रेक्झिनची. ती त्यांनी काखेत धरली आणि एसटीत चढले. खिडकीतून हात केला नाही. खिडकी पलीकडच्या बाजूला मिळाली असेल.

पुढच्या माघात तिचा फोन आला. डायवर गेले होते. आजार वगैरे काही नव्हता. दुपारी ओसरीवर आडवे झाले होते, चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत.

मी मोटरसायकल काढली आणि जयगडवरून, तवसाळवरून, फेरीबोटीने खाड्या ओलांडत गेलो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओसरीवर दिवा होता. तिने सांगितलं, आल्यापासून ते रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन बसायचे. मासळीचा लिलाव चाललेला असायचा, त्या गर्दीत. समुद्राकडे तोंड करून. बोटीवर मात्र कधी चढले नाहीत. कुणी इंजिनाचं विचारलं तर काठावरूनच सांगायचे.

"बोलायचे काही?" मी विचारलं.

"माझ्याशी बोलायचे. त्याच्या लहानपणचं सांगायचे," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं त्यातलं काय." मग म्हणाली, "आता ते सांगायला पण कोण नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत निघालो. दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाड्या चढवल्या, माणसांनी इंजिनं बंद केली. बोट निघाली. पश्चिमेला अंजनवेलचं टोक उन्हात स्पष्ट दिसत होतं, त्याच्यापलीकडे खाडीचं तोंड, आणि पाणी इतकं शांत की त्यावर विश्वास बसू नये.

समुद्रावरून एक मच्छीमार बोट आत येत होती. आमच्या बाजूने जवळून गेली. मागच्या बाजूला एक तरुण पाण्यात पाय सोडून बसला होता, उघड्या अंगाने, काहीतरी खात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं माणूस दिसावं तसा हात वर केला. मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे कुणी नव्हतं. मग मीही हात वर केला, आणि बोट वळणाआड जाईपर्यंत तो तसाच धरून उभा राहिलो.